जर्मनीतलं पहिलं सेमिस्टर: वर्गात बसलात म्हणजे परीक्षेला बसलात असं नव्हे

आपल्याकडे परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला तर ऑफिसातले क्लार्क, सर नाहीतर मित्र, कुणीतरी आरडाओरडा करतंच. जर्मन विद्यापीठात तसं कुणी करत नाही. मूडलवर, म्हणजे विषयांचं साहित्य मिळणाऱ्या वेबसाइटवर, विषय घेतला, एकही तास बुडवला नाही, तरी परीक्षेसाठी पोर्टलवर वेगळं नाव नोंदवावं लागतं. याला म्हणतात 'प्रुफुंग्स-आनमेल्डुंग'. मुदत प्रत्येक विद्यापीठाची वेगळी, आणि ती परीक्षेच्या बरीच आधी संपते. तारीख शोधून मोबाइलवर गजर लावा, आणि नोंदणी झाल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. नोंदवून गेला नाहीत तर बहुतेक ठिकाणी 5.0, म्हणजे नापास. (इथे 1.0 सर्वांत उत्तम, 4.0 ला काठावर पास.) त्या दिवशी आजारी असाल तर लगेच डॉक्टरांचा दाखला परीक्षा कार्यालयात द्यावा लागतो, नंतर आणलेला चालत नाही.

केटीच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच अभ्यासक्रमांत एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालात आणि तो विषय सक्तीचा असेल, तर अभ्यासक्रमातूनच नाव कमी होतं आणि जर्मनीत दुसरीकडे तोच अभ्यासक्रम घेणंही सहसा जमत नाही. म्हणून 'प्रुफुंग्स-ऑर्डनुंग' ही नियमावली पहिल्याच आठवड्यात वाचा. जर्मन येत नसेल तर भाषांतर करून वाचा, पण वाचा.

आता अभ्यासाचं गणित. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचं काम. 6 क्रेडिटचा विषय म्हणजे 180 तास. आठवड्याला 45 मिनिटांच्या चार तासिका, असे 14 आठवडे धरले तर वर्गात जेमतेम 42 तास होतात. उरलेले 138 तुमचे तुम्हाला बसून भरायचे. सबमिशन, ओरल, टर्मवर्कचे हुकमी गुण बहुतेक विषयांत नसतात. फेब्रुवारी-मार्चमधला 90 किंवा 120 मिनिटांचा एकच पेपर सगळं ठरवतो. शेवटच्या पंधरा दिवसांत गाइड घेऊन बसायची सवय इथे नडते, कारण पेपरात व्याख्या कमी आणि गणितं जास्त असतात.

ती गणितं 'युबुंग'मध्ये, म्हणजे सरावाच्या तासाला, येतात. दर आठवड्याला एक पत्रक मिळतं. ते आधी स्वतः सोडवायचं, अडलं तिथे खूण करायची, मग तासाला जायचं. फळ्यावरचं उत्तर नुसतं उतरवून घेतलं तर सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि पेपरात पहिल्याच पायरीला हात थांबतो. काही विषयांत पत्रकांचे ठरावीक गुण नसतील तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. व्हिसा उशिरा मिळून नोव्हेंबरात पोहोचणाऱ्यांची इथेच पंचाईत होते, कारण तास ऑक्टोबरच्या मध्यालाच सुरू झालेले असतात. अशांनी पोहोचण्याआधीच प्राध्यापकांना मेल करावा, पत्रकं मागवावीत आणि पहिल्या सेमिस्टरला 30 ऐवजी 18 ते 20 क्रेडिट घ्यावीत. मात्र शिष्यवृत्तीच्या किंवा अभ्यासक्रमाच्या किमान क्रेडिटची अट आधी तपासावी.

जुने पेपर 'फाखशाफ्ट' या विद्यार्थी मंडळाकडे मागा. बऱ्याचदा फुकट मिळतात. वेळापत्रकात '10 सी.टी.' असेल तर तास 10:15 ला, 'एस.टी.' असेल तर ठोक्याला. पेपर मात्र ठोक्यालाच धरून चला.

निकालानंतर 'आइनझिश्ट' असते. त्या दिवशी तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळते. पास झालात तरी जा. प्रत्येक प्रश्नाचे गुण स्वतः बेरजून पाहा, कुठलं पान तपासायचं राहिलंय का ते बघा, आणि शंका असेल तर तिथेच, शांतपणे विचारा.