दुधाच्या बादल्या आणि एक सुरमई

रापणीचे वाटे कसे घालतात, हे मी बाराखडीच्या आधी शिकलो. मालवणजवळच्या आमच्या किनाऱ्यावर होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडत, दोन्ही टोकांचे दोर माणसे वाळूवरून ओढत, आणि मासळी बाहेर आली की तिथेच तिचे ढीग पडत. होडी-जाळ्याचा वाटा वेगळा निघे; बाकी ओढणारा म्हातारा असो की मिसरूड न फुटलेला, प्रत्येकाला एकच वाटा.

शेतावरचे प्राणी मालकाला हाकलून कारभार आपल्या हाती घेतात, अशी जॉर्ज ऑर्वेल यांची १९४५ साली प्रसिद्ध झालेली ‘ॲनिमल फार्म’ ही रशियन क्रांतीवरची रूपककथा यंदा पावसात पुन्हा वाचली, तेव्हा मला हेच वाटे आठवत राहिले. समतेचे नियम भिंतीवर लिहायचे आणि मग रात्री गुपचूप त्यांत दोन-दोन शब्द घालायचे, हा त्या कथेतला भाग सर्वांच्या लक्षात राहतो. मला मात्र तो थोडा उशिराचा वाटतो, कारण खरे बिनसते ते त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी. गाईंचे पाच बादल्या दूध निघते, त्याचे काय करायचे असे कोणीतरी विचारते, नेपोलियन नावाचा डुक्कर ‘आधी कापणी महत्त्वाची’ म्हणून सर्वांना शेतावर पाठवतो, आणि संध्याकाळी दूध नाहीसे झालेले असते. पुढे सफरचंदेही डुकरांकडेच जातात. का, तर डोक्याचे काम त्यांचे असते. आणि ते चुकले तर जुना मालक परत येईल. या एका मुद्द्यावर एरवी भांडणारे नेपोलियन आणि दुसरा पुढारी डुक्कर स्नोबॉल दोघेही एकमताचे असतात, म्हणून सगळा दोष एका हुकूमशहावर ढकलणारे वाचन मला पटत नाही.

कथेची कलाटणी या दूध-सफरचंदांपाशीच आहे, असे ऑर्वेल यांनी स्वतः एका पत्रात म्हटले होते, आणि तिथे क्रोनश्टाट या रशियातल्या नौदल तळाचा उल्लेख केला होता. १९१७ च्या क्रांतीचे कट्टर पाठीराखे असलेल्या तिथल्या नौसैनिकांनी १९२१ मध्ये बंड केले. त्यांच्या मागण्यांत, धोक्याची कामे वगळता, सर्व कष्टकऱ्यांना सारखे रेशन मिळावे अशीही एक मागणी होती. क्रांतीतून सत्तेवर आलेल्या बोल्शेविक सरकारने ते बंड सैन्य पाठवून चिरडले. दर्यावरच्या माणसांनी वाट्यावरून हटून बसावे, याचे मला तरी आश्चर्य वाटले नाही.

आमच्या रापणीचा हिशेब माझे काका ठेवत, कारण ते शिकलेले. एका सकाळी वाटे पडण्यापूर्वीच ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेली सुरमई घेऊन घरी आले. आजीने विळी ओढली आणि विचारले, “वाटे झाले?”

“होतले. हिशोब ठेवूक डोक्या लागता,” काका म्हणाले, “तू मसालो वाट.”

आजी काही बोलली नाही. तिने मसाला वाटला. दुपारी सर्वांत जाड तुकडी माझ्या ताटात पडली, आणि मी आणखी एक मागून घेतली.