गोर्त, आखा आणि एक कोरी ओळ

आयरिश गेलिकमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या मूळ भाषेत, शेताला एकच असा शब्द नाही, हे कळलं तेव्हा मला जरा बरंच वाटलं. आपल्याकडे तरी कुठे आहे? वावर, रान, मळा, खाचर, ज्याची त्याची माती वेगळी. तिकडे पिकाचं ते 'गोर्त', दलदलीच्या कडेचं गवताळ कुरण ते 'क्लून', घराजवळचा बटाट्यांचा तुकडा तो 'गारी'. दक्षिणेत शेताला सरळ 'पार्क' म्हणतात; हा मात्र बाहेरून येऊन घरचा झालेला शब्द.

'पार्क ना मो' म्हणजे गाईंचं शेत. यातला 'मो' मूळचा 'बो', गाय. अनेकवचनी षष्ठीत 'ब'चा 'म' होतो. आणि हा 'बो' आपल्या 'गो'चा लांबचा भाऊबंद! तसाच घोड्याचा जुना शब्द 'आख', आपल्या 'अश्वा'च्या कुळातला. आयर्लंडच्या बांधावर सोयरे भेटतील असं वाटलं नव्हतं.

गंमत पुढे आहे. ही नावं इंग्रजी कानांनी ऐकून लिहिली गेली आणि अर्थ झाकला गेला. टायरोन परगण्यातलं ऑकनाक्लॉय गाव म्हणजे 'आखा ना क्लोहा', दगडाचं शेत; 'आखा' हाही शेताचाच एक शब्द. गॉलवेतलं ऑक्रिम म्हणजे घोड्याचा उंचवटा. इंग्रजी स्पेलिंगची सुरुवात दोन्हीकडे तीच; पण एकात शेत आहे, दुसऱ्यात घोडा.

१८२४ मध्ये ब्रिटिशांनी तिथली मोजणी सुरू केली, मैलाला सहा इंच या मापाने. जॉन ओ'डोनोव्हनसारखे जाणकार गावोगाव हिंडून नावांची मूळ रूपं विचारत होते. साठ हजारांहून अधिक 'टाउनलँड', म्हणजे वाडीएवढे जमिनीचे तुकडे, नावानिशी नकाशावर आले. त्यांच्या पोटातली शेतं मात्र बहुतेक बिननावाचीच राहिली. ती नावं तोंडी चालत होती. भाषा गेली तिथे काही नुसती आवाज म्हणून उरली, अर्थ कुणालाच सांगता येईना.

हे वाचून आमचा सातबारा काढून पाहिला. त्यावर 'शेताचे स्थानिक नाव' अशी चक्क जागा असते. आमच्या उताऱ्यावर ती कोरी. आत्याला फोन केला.

"शेताला कसलं आलंय नाव?" आत्या म्हणाली. "आणि कुठलं म्हणतोस? वढ्याकडचा डाग, का म्हसोबाची पट्टी?"