ढालीएवढं पान

उत्तराला सोळापैकी तीन गुण पडले होते. समासात लाल शाईने 'इर्रेलेव्हंट' लिहिलेलं आणि उत्तराच्या मधोमध एका देवनागरी शब्दाभोवती लाल गोल. शब्द होता 'पारंबी'.

एम.ए. इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत देवनागरी अक्षर दिसलं की परीक्षकाचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. माझाही गेला असता. पण त्या दिवशी मी मूल्यमापन केंद्रावर मॉडरेटर होते. आधी तपासून झालेल्या गठ्ठ्यांतल्या थोड्या पत्रिका काढून पुन्हा तपासायच्या, एवढंच माझं काम. पेपर सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रजी साहित्याचा. मिल्टन, ड्रायडन, पोप, स्विफ्ट. हा पेपर मी एकोणीस वर्षं शिकवते आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही उत्तरं वाचतो. सकाळी वाचतो. दुपारी तीननंतर आम्ही उत्तरं ओळखतो. पहिल्या दोन ओळींवरून कुठल्या गाइडचं उत्तर आहे ते कळतं, आणि मग पानाच्या तळाशी पोहोचेपर्यंत गुण ठरलेले असतात. मिल्टनच्या प्रत्येक उत्तरात त्याचा आवाज 'ऑर्गन'सारखा असतो. ऑर्गन हे वाद्य यांतल्या बहुतेकांनी कधी ऐकलेलं नसतं. यात मुलांचा दोष मी फार धरत नाही. महिन्याभरात मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या आदम-ईव्हच्या पतनावरच्या महाकाव्याचा नववा सर्ग उरकायचा, तोही 1189 ओळींचा, म्हटल्यावर गाइडशिवाय ती करणार काय? दोष त्यांचा आहे, ज्यांनी गाइडमधलीच वाक्यं उत्तरसूचीत घातली. म्हणजे आमचाच.

प्रश्न होता नवव्या सर्गातल्या महाकाव्यीय उपमांबद्दल. उत्तराचा पहिला परिच्छेद नेहमीचाच होता. दुसरा असा सुरू झाला: मिल्टनने आमच्या झाडाबद्दल लिहिलं आहे, ते मी बघितलेलं आहे, म्हणून मी त्यावरच लिहिणार. इंग्रजी मोडकं होतं, क्रियापदांचे काळ घसरत होते. खाली सांगते ते शब्द माझे, म्हणणं त्या विद्यार्थ्याचं. मुलगा की मुलगी तेही मला ठाऊक नाही. नावाच्या जागी स्टिकर असतो.

ती जागा सांगायला हवी. देवाने मना केलेलं फळ खाऊन झालंय, आदम आणि ईव्ह यांना आपण नागडे आहोत हे कळलंय, आणि अंग झाकायला ते दाट रानात शिरतात. पाश्चात्त्य चित्रांमध्ये तिथे अंजिराचं पान असतं. मिल्टन मुद्दाम सांगतो की हे फळांसाठी नावाजलेलं अंजिराचं झाड नव्हे. हे ते झाड, जे आजही हिंदी लोकांना माहीत आहे, जे मलबारात किंवा दख्खनमध्ये आपले बाहू पसरतं. त्याच्या वाकलेल्या फांद्या जमिनीत रुजतात, आईभोवती मुली वाढतात, खांबांची सावली होते, आतल्या वाटांतून आवाज घुमतो. उन्हाला कंटाळलेला हिंदी गुराखी तिथे गारव्याला बसतो आणि दाट पाल्यात कापलेल्या झरोक्यांतून आपली चरणारी गुरं राखतो. 1101 ते 1110, जेमतेम दहा ओळी. वड आहे तो, आपला वड. हे काव्य छापून आलं 1667 साली. आदल्याच वर्षी शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले होते, आणि मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती जायला अजून एक वर्ष होतं. त्या काळात लंडनमधल्या एका आंधळ्या कवीच्या तोंडी 'दख्खन' हा शब्द आला.

आणि एकोणीस वर्षं मी काय केलं? वर्गात ती ओळ आली की म्हणायचं, "बघा, आपलं दख्खन." मुलं हसायची, मी पान उलटायची. गाइडमध्ये त्या दहा ओळींवर प्रश्न नाही.

त्या विद्यार्थ्याने पान उलटलं नव्हतं. पुढच्याच ओळीत मिल्टन म्हणतो की त्यांनी ती पानं गोळा केली, ग्रीक दंतकथांतल्या लढवय्या ॲमेझॉन स्त्रियांच्या ढालीएवढी रुंद, आणि जमेल तशा कसबाने एकत्र शिवून कमरेला गुंडाळली. यावर उत्तरात लिहिलं होतं: वडाचं पान ढालीएवढं नसतं, तळहाताएवढं असतं. माझी आजी वडाच्या पानांच्या पत्रावळी लावायची. पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, कपड्याला लागला तर डाग जात नाही. पान ताजं असताना टोचावं लागतं, वाळल्यावर काडी घातली की फाटतं. आणि मग ते वाक्य, ज्यावर मी पेन खाली ठेवलं: पान जर ढालीएवढं असेल तर शिवायचं कशाला?

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मिल्टनवरची टीका मी पुष्कळ वाचली आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर माझ्याकडे होतं, नुसतं सुटं सुटं. शिवणं आलंय बायबलमधून. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात दोघांनी अंजिराची पानं शिवली असंच म्हटलंय. ढाल आलीय प्लिनीकडून. त्या रोमन लेखकाने हिंदुस्थानातल्या या झाडाचं पान ॲमेझॉनच्या ढालीच्या आकाराचं असल्याचं लिहून ठेवलं. त्याने वड पाहिला नव्हता. शिकंदराबरोबर इकडे आलेल्या लोकांच्या सांगण्यात वड आणि केळ यांची कुठेतरी सरमिसळ झाली असावी, असं अभ्यासक मानतात. आणि पाल्यात कापलेले झरोके आलेत जॉन जेरार्डच्या 1597 सालच्या वनस्पतिग्रंथातून. तिथे लोक वडाच्या दाटीत वाट कापून भिंतीला खिडक्या पाडतात आणि त्यांतून आपली गुरं बघतात, असं वर्णन आहे.

मिल्टनची दृष्टी 1652 सालीच पूर्ण गेली होती. हे सगळं त्याने आधी वाचलेलं, डोक्यात साठवलेलं आणि मग दुसऱ्याला सांगून लिहून घेतलेलं. एका पुस्तकातलं पान, दुसऱ्यातली सुई, तिसऱ्यातला झरोका. त्याच्या कवितेत ते इतकं एकजीव झालंय की शतकानुशतकं वाचणाऱ्यांना जोड दिसत नाही. तो दिसला पत्रावळ लावणाऱ्या बाईच्या नातवाला किंवा नातीला, कारण पान कुठे आणि कशासाठी टोचतात हे त्या घरात माहीत होतं.

इंग्रज समीक्षक डॉ. जॉन्सनने 1779 साली मिल्टनचं चरित्र लिहिलं. त्यात तो ड्रायडनचा शब्द उसना घेऊन म्हणतो की मिल्टन निसर्गाकडे पुस्तकांच्या चष्म्यातून बघतो. हे वाक्य आमच्या मुलांना पाठ असतं. गठ्ठ्यातल्या निदान दहा उत्तरांत ते होतं आणि प्रत्येकाला त्याचे गुण मिळाले होते. या एका उत्तरात ते वाक्य नव्हतं, त्या वाक्याचा पुरावा होता. त्याला तीन गुण.

जेवणाच्या सुट्टीत मी परीक्षक सरांकडे गेले. माझ्यापेक्षा ज्येष्ठ, अभ्यासू आणि गठ्ठ्याला कधी उशीर न करणारे. मी उत्तर पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून ते पुन्हा वाचलं, हे मला सांगायलाच हवं. मग म्हणाले, "मॅडम, आपण कवितेचे गुण देतो, वनस्पतिशास्त्राचे नाही."

"सर, पान ढालीएवढं असेल तर शिवायचं कशाला, हा कवितेचाच प्रश्न आहे ना?"

"प्रश्न उपमांचा आहे. व्याख्या नाही, सैतानाच्या उपमा नाहीत, होमर नाही, व्हर्जिल नाही. आणि मला सांगा, वडाचा तो तुकडा उपमा आहे का? ते वर्णन आहे. उपमा असेल तर ढालीची, एका ओळीची."

हे खरं होतं, आणि मला ते आधी सुचलं नव्हतं. 'असं जसं' करून एक चित्र शेजारी लांबवत नेणं म्हणजे महाकाव्यीय उपमा. वड तिथे कशासारखा म्हणून येत नाही, तो तेच झाड म्हणून येतो. विद्यार्थ्याने चुकीच्या प्रश्नाखाली बरोबर उत्तर लिहिलं होतं. "शिवाय तुम्ही याला अकरा दिलेत," सर म्हणाले, "तर ज्याने पाचही उपमा नीट लिहिल्या त्या पोरावर अन्याय नाही का?"

मी गप्प बसले. राग मात्र गेला नाही. पाचही उपमा नीट लिहिणारं पोर तेच पाच परिच्छेद माझ्या वर्गातून घेऊन गेलं असणार, हे मला माहीत होतं.

केंद्र ज्या कॉलेजात होतं त्याच्या फाटकाशी सायकल स्टँडवर एक वड आहे. रोज त्याच्याखालून जाऊनही मी त्याचं पान कधी हातात घेतलं नव्हतं. त्या दिवशी चार-पाच तोडली. देठातून चीक आलाच. टेबलावरच्या पट्टीने मोजलं तर सगळ्यांत मोठं पान साडेसहा इंच भरलं. झाडू मारणाऱ्या मावशींकडून खराट्याचे हीर मागून घेतले आणि दोन पानं एकमेकांवर ठेवून टोचली. पहिलं पान शिरेला धरून फाटलं. मावशी म्हणाल्या, "मॅडम, शिरेत नाही घालायचं, शिरेच्या बाजूनं. न् बारीक टाका." त्यांनी दोन मिनिटांत चार पानं जोडून दिली. ती माझ्या कमरेला लावून बघितली असती तर पाव घेरही झाला नसता.

तिथे उभी राहून मी ती ओळ पुन्हा मनात म्हटली. जमेल तशा कसबाने. पान तळहाताएवढं धरलं तर ही ओळ किती जड होते! दोन माणसं, ज्यांना आजवर कपडा ठाऊक नाही, सुई ठाऊक नाही, एकेक पान टोचत बसलीत. पानं फाटतायत, बोटं चिकट होतायत, आणि देव येईपर्यंत अंग झाकून व्हायला हवंय. पान ढालीएवढं असलं तर ही लाज एका फटक्यात झाकली जाते. मिल्टनला खरा वड मिळाला असता तर हा प्रसंग आणखी जीवघेणा झाला असता, असं मला त्या क्षणी वाटलं. मग हेही वाटलं की ढाल त्याला हवीच असेल. आत्ताच युद्ध हरलेली माणसं ढाल शोधतात, आणि तो लगेच म्हणतोच की हे झाकण व्यर्थ आहे. दोन्ही वाचनं मला खरी वाटतात. दोन्ही त्या एका लाल गोल केलेल्या उत्तरातून निघाली.

दुपारी मी अकरा गुण दिले आणि शेऱ्याच्या जागी तीन ओळींत कारण लिहिलं. फरक मोठा, म्हणून पत्रिका तिसऱ्या परीक्षकाकडे गेली. त्यांनी सहा दिले. उत्तरसूचीत न बसणाऱ्या उत्तराची किंमत आमच्या व्यवस्थेत अशी मधोमध ठरते. एकूण पेपरात विद्यार्थी पास होता, त्यामुळे पुढे कुणी विचारलं नाही. सरांचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही आणि माझे अकरा मला आजही कमी वाटतात.

उत्तराचा शेवट राहिलाच. शेवटच्या परिच्छेदात गुराखी होता. लिहिलं होतं: आमच्यात मेंढ्या आहेत. भर दुपारी मेंढरं चरत नाहीत. ती सावलीला येतात, एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहतात. माणूस सावलीत आणि जित्राबं उन्हात, असा राखणारा मी बघितलेला नाही. पारंबीला कुणी झरोका पाडत नाही, तिला टेकून बसलं की सगळं दिसतं. मिल्टनने गुरं उन्हात ठेवली, कारण त्याने...

आणि पान तिथेच संपलं होतं. पुढचं कोरं. वेळ संपली असणार, हातातून पेपर ओढून घेतला असणार.

'कारण त्याने' याच्या पुढे काय होतं, यावर मी महिनोन् महिने विचार करते आहे. एकदा वाटलं, कारण त्याने जेरार्ड वाचला होता, संपलं. पण ते उत्तर त्या विद्यार्थ्याचं नसणार, जेरार्ड त्याला कुणी शिकवलाच नव्हता. एकदा वाटलं, कारण त्याने सावली आतून पाहिली नव्हती. मग सर्ग पुन्हा वाचताना लक्षात आलं की याच्या थोडं आधी आदम रानाला विनवतो, मला लपव, जिथे सूर्याचा आणि ताऱ्यांचा उजेड पोहोचत नाही अशा सावलीत मला राहू दे. गुराखी त्याच झाडात बसून बाहेर बघतो, आदम त्यात शिरतो तो बाहेरून कुणी आत बघू नये म्हणून. गुराख्याला बघायला काहीतरी हवं, म्हणून गुरं उन्हात. हे मी यंदा वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

नंतरच्या सत्रात गठ्ठे आले तेव्हा मी प्रत्येक पत्रिकेत ते अक्षर शोधत होते. 'पारंबी'तला 'ब' पोटात जरा जास्त गोल होता, आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटलेला.