पोर्ट उघडला तरी भावंडं गेममधे येईनात, माझा अनुभव

आमचं घर देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या अलीकडे. मावसभाऊ डोंबिवलीत, मावसबहीण पुण्यात, आणि आजोळी सगळे एकत्र जमणार ते फक्त मे महिन्यात. आजोळचं जुनं कौलारू घर दोन वर्षांपूर्वी पाडलं, तिथे आता स्लॅबचं आहे. जूनमधे फोनवर बोलता बोलता ठरलं की माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करायच्या गेममधे ते जुनं घर परत बांधायचं, खळं, तुळस, मागची विहीर, माळ्यावर जायचा लाकडी जिना, सगळं आठवून आठवून. आणि सर्व्हर, म्हणजे तिघांनी जिथे येऊन एकत्र खेळायचं तो प्रोग्रॅम, भाड्याने न घेता माझ्या पीसीवरच चालवायचा.

सर्व्हर चालू करणं सोपं होतं. फाइल उतरवली, जावा टाकलं, युला नावाच्या, अटी मान्य आहेत का विचारणाऱ्या फाइलमधे फॉल्सचं ट्रू केलं की झालं. माझ्या पीसीवर गेम सुरू, पण भावाला टाइम्ड आउट, म्हणजे वाट बघून जोडणीच होईना.

म्हणून राउटरमधे शिरलो. ब्राउझरमधे १९२.१६८.१.१ टाकायचं, पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, आमच्याकडे दमट हवेने स्टिकर इतका पुसट झाला होता की टॉर्च तिरका धरून एकेक अक्षर वाचावं लागलं. आत पोर्ट फॉरवर्डिंग शोधायचं, म्हणजे बाहेरून एका ठराविक पोर्टवर, त्या नंबरच्या दारावर, आलेलं घरातल्या कुठल्या पीसीकडे पाठवायचं ते सांगणारा नियम, काही राउटरमधे त्यालाच व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात आणि ते नॅट नाहीतर अ‍ॅडव्हान्स्डच्या खाली लपलेलं असतं. माइनक्राफ्टच्या जावा एडिशनचा पोर्ट २५५६५, प्रोटोकॉल (डेटा पाठवायची पद्धत) टीसीपी, आणि खाली आपल्या पीसीचा घरातला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता, माझा तेव्हा शेवटी ७ होता. मोबाइलवाल्या बेडरॉक एडिशनचा पोर्ट वेगळा आहे, १९१३२, आणि तो यूडीपी, तिथे टीसीपी टाकून बसलात तर काही होणार नाही.

सेव्ह केलं, तरी भाऊ बाहेरच. मग विंडोजची फायरवॉल बघितली, तर माझं नेटवर्क पब्लिक म्हणून लागलेलं आणि जावाला परवानगी फक्त प्रायव्हेटवर होती. घरचं नेटवर्क प्रायव्हेट केलं. हे तुम्हीपण नक्की बघा, राउटर बरोबर असला तरी फायरवॉल दारातूनच परत पाठवते.

तरीही नाही. तीन रात्री मी तोच नियम पुसून परत टाकत होतो, राउटर बंद-चालू करत होतो, पोर्ट तपासायच्या साइटवर दर वेळी क्लोज्ड. बहीण पलीकडून म्हणायची, "दादा राहूदे रे, झोप आता," आणि मला तेच नको होतं कारण घर बांधायची कल्पना मुळात तिची होती.

चौथ्या दिवशी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघितला. सुरुवात १००.७२ ने. आणि गूगलवर माझा आयपी बघितला तर आकडा वेगळाच. सगळं अडलं होतं ते इथे, आणि मी म्हणेन की कुठलीही सेटिंग बदलायच्या आधी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी २०१२ साली वेगळे काढून ठेवलेले आहेत. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपनी खूप गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते, त्याला सीजीनॅट म्हणतात. समजा अख्ख्या वाडीची पत्रं एकाच दुकानात येतात. तुम्ही आधी पत्र पाठवलं असेल तर उत्तर कोणाचं ते दुकानदाराला माहीत असतं, पण बाहेरून कोणी पहिल्यांदाच पत्र टाकलं आणि त्यावर घराचं नावच नसलं तर ते देणार कोणाला? माझा पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम बरोबरच होता, फक्त भावाची रिक्वेस्ट माझ्या राउटरपर्यंत येतच नव्हती.

कंपनीच्या हेल्पलाइनला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा राउटर रीस्टार्ट करा एवढंच. शेवटी झावळ पडून फायबर तुटली की जोडायला येतात त्या लाइनमनदादांना विचारलं, ते लगेच म्हणाले, "स्टॅटिक आयपी माग, म्हणजे काम होईल." म्हणजे आपल्या एकट्याचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता. महिन्याला थोडे जादा पैसे पडतात, आम्ही तिघांनी वाटून घेतले. दोन दिवसांनी राउटरचा वॅन आयपी आणि गूगलवरचा आयपी एकच दिसायला लागला, आणि रात्री सर्व्हरच्या काळ्या खिडकीत ओळ उमटली, भावाच्या नावापुढे जॉइन्ड द गेम. पाठोपाठ बहिणीची.

तपासताना एक करा, घरच्याच वायफायवरून बाहेरचा आयपी टाकून बघू नका, बऱ्याच राउटरना ते जमत नाही आणि बरोबर असलेलं चुकलंय असं वाटतं. मोबाइल डेटावरून बघा. पीसीपण वायफायवर ठेवू नका, आमच्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीतून सिग्नल अर्धा होतो, मी माळ्यावरून लॅन केबल ओढली. आणि राउटरच्या डीएमझेड नावाच्या सेटिंगमधे पीसी टाका असा सल्ला मिळेल, तो ऐकू नका, सगळेच पोर्ट उघडे पडतात. आमचा एकच पोर्ट उघडा होता तरी आठवड्याभरात अनोळखी नावं आत यायला बघत होती, म्हणून व्हाइटलिस्ट, म्हणजे फक्त यादीतल्यांनाच आत घ्यायची सोय, चालू करून तीनच नावं ठेवली.

आठवड्याने लाइट गेली, आली, आणि परत सगळं बंद. या वेळी पाच मिनिटांत सापडलं, पीसीचा घरातला आयपी ७ चा ९ झाला होता आणि नियम अजून ७ कडेच बोट दाखवत होता. राउटर घरातले आयपी वाटतो त्या डीएचसीपी सेटिंगमधे पीसीच्या मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, ७ कायमचा बांधून टाकला, नंतर तो हलला नाही.

आता खळं झालंय, तुळस झालीये, जिना किती पायऱ्यांचा होता यावर भाऊ-बहिणीचं भांडण चालू आहे. काल रात्री विहिरीचा काठ लावत होतो आणि बाहेर वीज चमकली, आई आतून ओरडली, "गडगडता हा, वायर काढ आधी!" तिघांनी एकमेकांना थांबा म्हटलं, मी काळ्या खिडकीत स्टॉप टाइप केलं, सेव्ह झालेलं बघितलं आणि मग राउटरची पिन काढली.