नजरेच्या कडेला उतू जाणारे दूध

आज दुपारी माझ्या जन्मतः कर्णबधिर मामेबहिणीकडे चहाला गेलो होतो. समोरच्या मैत्रिणीशी ती भारतीय सांकेतिक भाषेत अगदी रंगून बोलत होती, तरीही डावीकडे ओट्यावरचे दूध वर येत असल्याचे प्रथम तिच्याच लक्षात आले आणि साय पातेल्याच्या काठाला लागायच्या आत तिने गॅस बंद केला. मी तर ओट्याकडे तोंड करूनच बसलो होतो!

अमेरिकेत मेंदूशास्त्रज्ञ हेलन नेव्हिल यांच्या १९८७ मधील प्रयोगांत कर्णबधिर व्यक्तींचे नजरेच्या कडेच्या हालचालींकडे अधिक लक्ष असते असे दिसले होते. कर्णबधिर आईवडिलांच्या, लहानपणापासून हातांनी बोलणाऱ्या पण ऐकू येणाऱ्या मुलांत मात्र हे वैशिष्ट्य आढळले नाही, म्हणजे ही देणगी भाषेची नसून बहिरेपणाची. मेंदूत ही फाळणी आणखी नेमकी दिसते. २०१३ मध्ये वेलिया कार्डिन आणि सहकाऱ्यांनी सांकेतिक भाषा येणारे कर्णबधिर, ती न येणारे कर्णबधिर आणि ऐकू येणारे लोक यांची तुलना केली, तेव्हा कानशिलाच्या आतल्या, एरवी आवाजाशी निगडित असलेल्या भागात उजवीकडचा बदल श्रवणाच्या अभावाशी, तर डावीकडचा सांकेतिक भाषेच्या अनुभवाशी जोडलेला आढळला.

हे सारे मी तिला मोबाइलवर लिहून दाखवले, कारण इतक्या वर्षांत माझी मजल मुळाक्षरांपलीकडे गेलेली नाही. तिने वाचले, भुवया उंचावल्या आणि हसत पातेल्याकडे बोट दाखवले.