नागपूरच्या घरातला खलाशी

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. मग नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माणसाचे पणजोबा जहाजावर होते हे कळले कसे, आणि असा पूर्वज आम्हालाही शोधता येईल का, हा प्रश्न मला बहुतेक प्रत्येक लग्नकार्यात कोणीतरी विचारतेच.

आमचे आजोबा रत्नागिरीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी नागपुरास आले. त्यांच्या ट्रंकेत पत्र्याची एक गंजलेली नळी होती आणि तिच्यात गुंडाळलेला एक इंग्रजी कागद. आतला मजकूर ओल लागून पुसट झाला होता. पणजोबांचे नाव, वडिलांचे नाव, एक लांब क्रमांक आणि ‘लास्कर’ हा शब्द एवढेच वाचता येत होते. खलाशाची जहाजावरची नोकरी संपली की त्याला दाखला मिळे, आणि या दाखल्यालाच खलाशी ‘नळी’ म्हणत, हे मला फार उशिरा समजले. आजोबांनी मात्र ‘लास्कर’ म्हणजे लष्कर असा अर्थ लावला, आणि घरात दोन पिढ्या सांगितले गेले की पणजोबा आरमारात होते, पहिल्या महायुद्धात लढले.

आजोबांचा अर्थ अगदीच निराधार नव्हता, कारण इंग्रजांचा ‘लास्कर’ मूळ फारसी ‘लष्कर’वरूनच आला आहे, पण जहाजावर त्याचा अर्थ साधा हिंदी खलाशी एवढाच होता. या एका शब्दापायी माझी दोन वर्षे चुकीच्या दप्तरात गेली. मुंबईला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात मी रॉयल इंडियन मरीनची कागदपत्रे चाळत बसलो. 1892 पासून 1934 पर्यंत सरकारी सागरी दलाचे हेच नाव होते; 1934 मध्ये त्याची रॉयल इंडियन नेव्ही झाली. तिथे पणजोबा नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. ते व्यापारी जहाजावर होते. युद्धात सरकारने व्यापारी जहाजे सैन्य वाहून नेण्यासाठी ताब्यात घेतली आणि पाणबुड्यांनी ती बुडवलीही. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीचे प्रवासी जहाज ‘पर्शिया’ 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीटजवळ बुडाले, तेव्हा मेलेल्यांत कितीतरी हिंदी खलाशी होते. धोका होताच, पण त्यांची नोकरी आरमाराची नव्हती. म्हणून तुमच्याही घरात ‘आरमार’ म्हणत असतील, तर आधी हे तपासा.

गाठ सुटली ती त्या लांब क्रमांकाने. ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक व्यापारी जहाजाला 1855 पासून एक अधिकृत क्रमांक दिला जाई. जहाजाचे नाव किंवा मालक बदलला तरी तो बदलत नसे, आणि खलाश्यांचे नोकरीचे करार, ज्यांत त्यांच्या नावांची यादी असे, त्या क्रमांकानेच लावून ठेवलेले असतात. 1863 ते 1938 या काळातील सुमारे सत्तर टक्के करार आज कॅनडात, न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास अभिलेखागारात आहेत. दहा टक्के नमुना लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि ज्या वर्षांच्या शेवटी 5 येतो त्या वर्षांचे उरलेले करार ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. यांपैकी 1915 सालच्या याद्या स्वयंसेवकांनी उतरवून सर्वांना फुकट पाहण्यासाठी खुल्या केल्या आहेत. हिंदी खलाश्यांचे करार बहुधा वेगळे होत, पगार आणि राहण्याची जागा दोन्ही गोऱ्या खलाश्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि हे वेगळे कागद पुष्कळदा जपलेच गेले नाहीत. आमच्या जहाजाचा 1915 चा कागद शिल्लक होता, हे आमचे नशीब.

तरीही त्या यादीत पणजोबा मला पहिल्या तीन वाचनांत दिसले नाहीत, कारण मी आडनाव शोधत होतो. खलाश्यांचे आडनाव लिहीतच नसत. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव, तेही इंग्रज किंवा पारशी कारकुनाच्या कानाला जसे ऐकू येईल तसे. वय तर अंदाजाने टाकलेले. मग मला एक गोष्ट सुचली, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हीच आवर्जून सांगतो: आपला माणूस शोधू नका, त्याचा सारंग, म्हणजे खलाश्यांचा म्होरक्या, शोधा. डेकवरच्या खलाश्यांची भरती सारंगामार्फत होई. तो आपल्या गावची, शेजारच्या खाडीवरची, नात्यातली माणसे आणी, आणि त्याच्या हाताखाली टंडेल, म्हणजे दुय्यम म्होरक्या, असे. म्हणजे एक सारंग सापडला की यादीत त्याच्याखाली अर्धे गाव सापडते.

मी यादीतील गावांची नावे कागदावर उतरवली आणि प्रतापनगरला आत्याकडे गेलो. ती नव्वदीची, बालपण कोकणात गेलेले. मी कारकुनाचे इंग्रजी जसेच्या तसे मोठ्याने वाचत होतो आणि ती डोळे मिटून ऐकत होती. ‘पुर्नागुर’ म्हणताच ती म्हणाली, “पूर्णगड रे! पुढे वाच.” पुढे सारंगाच्या खाली आठ माणसे त्याच भागातली, आणि त्यांतल्या सहाव्या ओळीत ‘रागू सकरम’. आत्या काही वेळ बोलली नाही. मग तिने स्वतःच ते नाव नीट उच्चारले, “रघू सखाराम”, आणि मला दुसऱ्यांदा वाचायला लावले. नळीतल्या कागदावरचे पणजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव हेच होते.

त्या ओळीत त्यांचा हुद्दा खलाशी आहे आणि सहीच्या जागी अंगठा. लढाईचा उल्लेख कुठेही नाही. मुलांना मी आता पणजोबा आरमारात होते असे सांगत नाही. ते डेकवर दोर ओढणारे खलाशी होते असे सांगतो, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. सेंट जॉन्सला त्याच क्रमांकाचे 1913 आणि 1919 चे करार मागवले आहेत. ते आले की आत्याकडे जाऊन पुन्हा नावे वाचायची आहेत.