डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी डोकं का दुखतंय?
आज दाजींना घेऊन लातूरला गेलो. मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागलेला. सीटी नॉर्मल, तरी डोकं दुखायचं, उजेड सहन होईना, सारखी चिडचिड. "मला येड लागतंय का गं?" असं ताईला विचारायचे.

डॉक्टरांनी निवांत समजावलं: मेंदूला हादरा बसला की असं होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. पहिले 24 ते 48 तास आराम, मग हळूहळू कामाला लागायचं. अंधारात पडून राहायचं नाही. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, फिट, गुंगी दिसली तर मात्र तडक दवाखाना.

गोळी आधीचीच, पण दाजींचा चेहरा खुलला. "उद्या तासभर दुकान उघडतो" म्हणाले!

सुरुवातीलाच माहिती मिळाली तर त्रास कमी रेंगाळतो, हे अभ्यासांतही दिसलंय. मग ही माहिती लिहिलेला मराठी कागद पहिल्याच दिवशी प्रत्येक पेशंटच्या हातात का नसावा?